शेवटच्या रांगेपर्यंत

अभिनय ही शिकवून येणारी गोष्ट नव्हे, ती अंगची देणगी आहे, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. नुसते मानले असते तर फारसे बिघडले नसते. पण मी पडलो शिक्षक, आणि शिक्षकाने मानलेली गोष्ट चाळीस पोरांच्या माथी बसते. दर साल स्नेहसंमेलन जवळ आले की मी मुलांना ओळीने उभे करीत असे, चार वाक्ये म्हणायला लावीत असे आणि पाच मिनिटांत कोण नट आणि कोण नाही याचा निकाल देऊन मोकळा होत असे. त्या निकालावर अपील नसे.

त्यांतला एक निकाल माझ्या मनाला अजून टोचतो. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मीच लिहिलेली एक छोटी नाटिका आम्ही बसवली होती. त्यात बाप वारल्यानंतर त्याची पगडी हाती घेऊन बोलणाऱ्या मुलाचा एक प्रवेश होता. ते काम मी नववीतल्या एका मुलाला दिले. त्याचे वडील त्याच वर्षी वारले होते. मनात म्हटले, याला शिकवायचे काय? दुःख तर याच्या घरातच आहे. आणि झालेही तसेच. प्रयोगाच्या रात्री पगडी हातात येताच मुलाला खरोखरचे रडू कोसळले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पण त्याचा आवाज घशातच अडकला, मान खाली गेली, पाठ प्रेक्षकांकडे वळली. पाचव्या रांगेपलीकडे एक अक्षर पोचले नाही. मागची मंडळी आधी चुळबुळली, मग कुणीतरी शीळ घातली आणि मग हशा पिकला. मुलगा तसाच विंगेत पळाला.

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा ओळीत येऊन उभा राहिला. मी त्याला म्हणालो, "हे बघ, तुला नाही जमायचे. अभिनय ही देणगी असते. तू पडदा ओढायला थांब." तो पडदा ओढायलाही थांबला नाही.

आमच्या गावात तेव्हा एक वृद्ध गृहस्थ होते. सारे गाव त्यांना नाना म्हणे. वय पंच्याऐंशीच्या पुढे. लहानपणी ते एका फिरत्या नाटक कंपनीत होते. कंपनी मोडल्यावर गावी येऊन त्यांनी जन्मभर किराणा दुकान चालवले. तो फसलेला प्रयोग त्यांनी शेवटच्या रांगेत बसून पाहिला होता. काही दिवसांनी दुकानावर साखर घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पोर खरं रडलं हो. पण ते त्याच्यापुरतं रडलं. रडू मागपर्यंत पोचवायचं असतं, आणि ते शिकवावं लागतं. तुम्ही त्याची तालीमच घेतली नाहीत."

मी जरा रागावलोच. म्हटले, "नाना, बालगंधर्वांना कुणी शिकवलं होतं?"

नाना साखर तोलता तोलता शांतपणे म्हणाले, "देवलांनी."

त्या एका शब्दाने मला नाटकाचा इतिहास पुन्हा वाचायला लावला. माझे शिक्षण बेताचे, संशोधनाचा अधिकार माझ्याकडे नाही. पण वाचलेली जुनी पुस्तके पुन्हा वेगळ्या नजरेने वाचता येतात. तशी ती वाचू लागल्यावर ध्यानात आले की, आपण ज्यांना दैवी देणगीचे नट म्हणून हात जोडतो, त्यांच्यामागे बहुधा कुणीतरी एक तालीम मास्तर उभा आहे. नटाचे नाव घरोघर झाले, पण तालीम मास्तराचे नाव पुस्तकातल्या एखाद्या ओळीपुरते उरले.

आरंभ करावयाचा तर सांगलीपासूनच करायला हवा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी 'सीतास्वयंवर' केले. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणत असे आणि त्या पदांच्या अनुरोधाने पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. राक्षस आले की आरडाओरडा, उड्या, तलवारींचे खणखणाट. पुढे शिकलेल्या मंडळींनी या नाटकांना 'तागडथोम' आणि 'अललडुर्र' अशी नावे ठेवून त्यांची थट्टा केली. पण त्या राक्षसाचा आवाज उघड्या पटांगणात मागच्या माणसापर्यंत पोचत होता, हे विसरून चालणार नाही. पोचवण्याची विद्या आपल्याकडे तेव्हापासून होती. उणीव होती ती नेमकेपणाची. भाषण आज एक, उद्या दुसरे. साधले तर साधले, नाहीतर राहिले.

लिहिलेले संवाद आले तेव्हा हा प्रश्न बदलला. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले. आता नटाच्या हाती नक्कल आली. नक्कल म्हणजे त्याच्या एकट्याच्या भाषणांची हाताने उतरवून घेतलेली वही. शब्द ठरले, आणि शब्द ठरले की ते कसे म्हणायचे हा प्रश्न उभा राहतोच. पाठ केलेले वाक्य आत्ताच सुचल्यासारखे कसे बोलावे? अभिनयाच्या तंत्राचा जन्म या एका अडचणीतून झाला, असे मला वाटते. भाव्यांच्या नटाला ही अडचण नव्हती, कारण त्याला वाक्य खरोखरच आत्ता सुचलेले असे.

ही अडचण ज्यांनी आयुष्यभर सोडवली ते गोविंद बल्लाळ देवल. सांगलीजवळच्या हरिपूरचे. जन्म १८५५. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी. पुढे स्वतः नट, नाटककार आणि शिक्षक. आपण त्यांना 'शारदा'चे कर्ते म्हणून ओळखतो. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने जरठकुमारी विवाहाची लाज समाजाला वाटायला लावली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण नाटक मंडळींना देवल ठाऊक होते ते त्यांच्या तालमीसाठी. शाहूनगरवासी नाटक मंडळींच्या गणपतराव जोश्यांना त्यांनी शिकवले. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून त्यांनी 'झुंजारराव' रचले, ते १८९० साली. तो झुंजारराव गणपतरावांनी उभा केला आणि आगरकरांनी मराठीत आणलेला हॅम्लेटही त्यांनीच गाजवला. त्याच मंडळींना 'त्राटिका' बसवून देण्यासाठी वासुदेवराव केळकरांसारखा इंग्रजीचा प्राध्यापक तालमीला येत असे. शिकलेला माणूस नाटकवाल्याकडे तुच्छतेने पाहत असे तो हा काळ. त्या काळात एक प्राध्यापक नटांना वाक्याचा अर्थ समजावीत बसतो, याचे महत्त्व आपल्याला आज कळणे कठीण आहे.

गणपतराव गेले १९२२ साली. त्यांचा आवाज, त्यांची मुद्रा यांची वर्णने आपण वाचतो आणि म्हणतो, काय हा ईश्वरी प्रसाद! आवाज ईश्वराने दिला असेल, मी नाही म्हणत नाही. पण हॅम्लेटच्या मनातली चलबिचल मराठी प्रेक्षकाला कळेल अशा रीतीने कुठल्या शब्दावर थांबावे आणि कुठला शब्द सोडून द्यावा, हे ईश्वर सांगत नाही. ते तालमीत ठरते.

आता बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. गळा अलौकिक होता. गाण्याचे गुरू भास्करबुवा बखले. पण शकुंतला व्हायला गळा पुरत नाही. बसावे कसे, उठावे कसे, पदर केव्हा सावरावा, लाजताना मान किती वळवावी, हे सारे शिकावे लागले आणि ते शिकवणारे देवल होते. या ठिकाणी वाचकांनी जरा थांबून विचार करावा. अभिनय म्हणजे स्वतःच्या अनुभवातले खरे दुःख, खरा आनंद असे जर असेल, तर एका तरुण पुरुषाने सासरी निघालेल्या मुलीचे दुःख कुठून आणावे? त्याच्या अनुभवात ते नाही, असूही शकत नाही. ते निरीक्षणाने, सरावाने आणि कुणीतरी शंभर वेळा 'पुन्हा' म्हटल्याने आले. आणि ते इतके खरे झाले की पुढे घरंदाज बायका लुगडे कसे नेसावे हे त्यांच्याकडे पाहून ठरवू लागल्या. पुरुषाने बाईपण बाईकडून शिकावे आणि मग बाईने ते पुरुषाकडून उचलावे! तंत्राला कृत्रिम म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या गोष्टीचा निवाडा करावा.

याच बालगंधर्वांच्या आयुष्यातला एक दिवस पुष्कळांना माहीत आहे. १२ मार्च १९११, मुंबई. खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. आणि तरी रात्री पडदा उघडला, नारायणराव भामिनी म्हणून उभे राहिले. भामिनी ही काही रडणारी नायिका नव्हे. ती मानी, ठसक्याची, थट्टेत रंगणारी. ही हकीकत आपण कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगतो. तो धडा आहेच. पण मी आता शिक्षक म्हणून वेगळाच प्रश्न विचारतो: त्या रात्री त्यांना कशाने तोलून धरले? भावना तर सगळी उलट दिशेने ओढत होती. मला वाटते, तालमीने. महिनोन् महिने घोटलेले बोलणे, ठरलेली पावले, ठरलेला श्वास. मन घरी असताना देह भामिनीची वाट चालू शकला, कारण ती वाट तालमीत पायाखालची झालेली होती.

माझ्या नववीतल्या मुलाला मी अशी वाट करून दिली नव्हती. त्याचे मन आणि त्याचे काम एकाच दिशेला होते, तरी तो बुडाला.

तंत्राचे गोडवे गाताना त्याचा दोषही सांगितला पाहिजे. तंत्र अंगवळणी पडले की आतला प्राण केव्हा निघून जातो ते नटालाही कळत नाही. बालगंधर्वांचे अनुकरण करणारे पुष्कळ निपजले. त्यांची मान तशीच वळे, पण तिच्यात लाज नसे. या व्याधीचा शोध सर्वांत कसून घेतला तो रशियातल्या स्तानिस्लावस्कीने. १८९८ साली उघडलेल्या मॉस्को आर्ट थिएटरचा हा एक संस्थापक. कीर्ती झालेली, प्रेक्षक टाळ्या वाजवताहेत. आणि १९०६ सालच्या उन्हाळ्यात फिनलंडच्या समुद्रकाठी बसून हा माणूस विचार करतो आहे की, आपल्या भूमिका मेल्या आहेत. इब्सेनच्या नाटकातला डॉक्टर स्टॉकमन त्याने एके काळी जीव ओतून केला होता. आता फक्त त्याच्या लकबी उरल्या होत्या. पुढचे सारे आयुष्य त्याने एका प्रश्नाला वाहिले: भावना हुकूम करून येत नाही, तर तिला बोलावणे कसे धाडावे? त्याचे उत्तर साधे होते. भावनेच्या मागे लागू नका. या क्षणी या माणसाला काय हवे आहे ते ठरवा, त्यासाठी तो काय करील ते करा. भावना मागून येते. १९३६ साली त्याचे पुस्तक इंग्रजीत आले आणि आपल्याकडे के. नारायण काळे यांनी 'अभिनयसाधना' या नावाने ते मराठीत आणले. नावातला 'साधना' हा शब्दच पाहा. देणगीला कुणी साधना म्हणत नाही.

हे काळे नुसते भाषांतरकार नव्हते. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, त्याचे दिग्दर्शन त्यांचे. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिले होते. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, केशवराव दात्यांसारखा जुन्या तालमीतून आलेला नट त्यात उभा राहिला आणि माणसे दिवाणखान्यात बोलतात तशी रंगमंचावर बोलू लागली. पुष्कळांना वाटते की असे घरगुती बोलणे म्हणजे तंत्र सोडून देणे. खरी गोष्ट उलटी आहे. ओरडून बोललेले मागपर्यंत पोचते यात नवल नाही. हळू बोललेले मागपर्यंत पोचवायला दुप्पट तालीम लागते.

त्यानंतर १९५९ साली दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले. १९६० साली विजया मेहतांच्या 'रंगायन'ने मुंबईत नव्या नटांची पिढी घडवायला घेतली. १९७० साली 'नटसम्राट' उभा करणारे डॉ. श्रीराम लागू हे कान, नाक, घशाचे शल्यविशारद. घशात काय असते हे ज्याला शस्त्राच्या टोकापर्यंत माहीत, असा नट. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. लमाण म्हणजे इथला माल तिथे नेऊन पोचवणारा. नटाचे सारे काम त्या एका शब्दात आले. मालाचा मालक निराळा, गिऱ्हाईक निराळे. मधली वाट चालणारा तो नट.

इतके वाचून झाल्यावर मी नानांकडे गेलो आणि म्हटले, "नाना, मला शिकवा."

त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच वाक्य दिले. "मी त्याला क्षमा करणार नाही." म्हणाले, "म्हणा." मी म्हटले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. असे वीसेक वेळा झाल्यावर म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याला क्षमा करताय. तुमचं 'नाही' ऐकूच येत नाही." आणि खरेच होते ते. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येते. बोलणाऱ्याचा श्वास वाक्याच्या सुरुवातीला भरपूर असतो, शेवटी संपतो; आणि ज्या शब्दावर सारा अर्थ फिरायचा तोच शब्द तोंडात विरून जातो. वीस वर्षे मराठी शिकवीत असलेल्या माणसाला ही गोष्ट एका किराणा दुकानदाराने शिकवली. ते म्हणत, श्वास छातीत घेऊ नका, पोटात घ्या. आणि अर्धाच खर्च करा, कारण शेवटचा शब्द उधारीवर म्हणता येत नाही.

दुसरा धडा रडण्याचा. "रडायचं नाही," नाना म्हणाले. "रडू आवरायचं. माणूस दुःखात रडू आवरत असतो. तुम्ही आवरलंत की समोरचा रडतो." पगडी हातात आली तर तिचे काय करावयाचे ते आधी ठरवा: तिच्यावरची धूळ झटका, सुटलेला पेच नीट बसवा, खुंटीला लावायला जा आणि लावू नका. हाताला काम दिले की घसा मोकळा राहतो. मला त्या क्षणी स्तानिस्लावस्की आठवला. नानांनी त्याचे नावही ऐकले नव्हते. एका फाटक्या कंपनीच्या कुठल्याशा तालीम मास्तराने ते त्यांना सांगितले होते, त्याला आणखी कुणी.

आणि भरताच्या नाट्यशास्त्रात तर अश्रू, कंप, रोमांच, आवाज फुटणे अशा आठ गोष्टींना सात्त्विक भाव म्हणून अभिनयातच जागा दिली आहे. आंगिक, वाचिक, आहार्य यांच्या जोडीला चौथा तो सात्त्विक. मन एकाग्र केल्याशिवाय हे भाव येत नाहीत, असे तो शास्त्रकार सांगतो. म्हणजे डोळ्यांतले पाणीसुद्धा त्याने दैवावर सोडले नाही, नटाच्या साधनेत घातले. हे इतके जुने शहाणपण आपल्या घरात असताना मी पाच मिनिटांत निकाल देत बसलो होतो.

नाना आता नाहीत. त्यांच्या पद्धतीने मी गेली काही वर्षे मुलांची तालीम घेतो. आमच्यातून कुणी मोठा नट निघालेला नाही, आणि निघेल अशी माझी समजूतही नाही. देणगी म्हणून काही असतेच; ती नाकारण्याइतका मी वेडा नाही. पण जी मुले पूर्वी तोंड उघडायला घाबरत, ती आता वाक्य शेवटपर्यंत नेतात. त्यांचे 'नाही' ऐकू येते. मुलीचे 'नाही' ऐकू येणे ही तर आमच्या गावात नाटकापुरती गोष्ट राहिलेली नाही.

गेल्या वर्षी आठवड्याच्या बाजारात तो मुलगा भेटला. आता मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप. पिठाची गिरणी चालवतो. वाकून नमस्कार केला आणि विचारले, "गुरुजी, यंदा नाटक कुठलं?" मी नाटकाचे नाव सांगितले. मग जे इतकी वर्षे सांगायचे राहिले होते ते बाजाराच्या गलबल्यात सांगून टाकले: "तुला काम जमत नव्हतं असं नाही रे. मीच शिकवलं नव्हतं." तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी." पण थोडे पुढे जाऊन परत वळला आणि विचारू लागला, तालीम किती वाजता असते?

तेव्हापासून गिरणी बंद केली की तो अंगावरचे पीठ झटकीत शाळेच्या सभागृहात येतो आणि अगदी मागे, शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. एखाद्या मुलाचा शब्द त्याच्यापर्यंत पोचला नाही की तो काही बोलत नाही, नुसता हात वर करतो. हात वर दिसला की मी म्हणतो, "पुन्हा."